संस्थेचे दप्तर कोणाच्या घरी?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पुलगाव येथे दिलेले भाषण)



मी संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. त्यामुळे मी मुलामुलींना नोकरीविषयी मार्गदर्शन करावे, अशी सचिवांची अपेक्षा होती. ते काम मी दुपारच्या जेवणानंतर विद्यार्थ्यांसोबत बसून करणारच आहे. परंतु या व्यासपीठावरून मला एका वेगळ्याच विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. तो विषय म्हणजे आपल्यासारख्या लहान संस्थांचे दप्तर. सभासदांची यादी, वर्गणीचा हिशोब, शिष्यवृत्तीचे अर्ज, वाचनालयाची नोंद, सभेचे इतिवृत्त आणि कार्यक्रमांची छायाचित्रे हे सर्व आज कोठे आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी नोकरीच्या गावी एका लहान संस्थेचे शिष्यवृत्तीचे काम पाहत होतो. गरजू विद्यार्थ्यांना आम्ही दोन हप्त्यांत फीची मदत देत असू. कागदपत्रांचा पसारा वाढला म्हणून मीच सुचविले की, हे सर्व इंटरनेटवरील एका फुकट खात्यात ठेवावे. एका उत्साही तरुण कार्यकर्त्याने आपल्या मोबाईल क्रमांकावर ते खाते उघडले. तीन वर्षे काम उत्तम चालले. पुढे त्या तरुणाला परराज्यात नोकरी लागली, जुना क्रमांक बंद झाला आणि एके दिवशी त्या खात्याने ओळख पटविण्यासाठी त्याच बंद क्रमांकावर सांकेतिक आकडा पाठविला. खाते कायमचे कुलूपबंद झाले. दाद मागावी तर समोर माणूसच नाही, केवळ एक अर्ज, आणि त्या अर्जाचे उत्तर यंत्रच देते. ऐन प्रवेशाच्या दिवसांत एका मुलीच्या दुसऱ्या हप्त्याची मंजुरी आम्हांला सापडेना. हप्ता दोन महिने लांबला. तिच्या वडिलांनी तेवढ्यासाठी उसनवारी केली. त्या मुलीपुढे उभे राहताना मला जी लाज वाटली, ती आजही विसरलो नाही.

त्या वेळी संस्थेच्या वयोवृद्ध खजिनदारांनी मला जे सुनावले, ते आपल्या वऱ्हाडी बोलीतच सांगतो. ते म्हणाले, "बाबू, माह्या वहीले पासवर्ड लागत नाही नं. पेटी उघडली का वही हातात." त्यांच्या लोखंडी पेटीत जुन्या वह्या शाबूत होत्या. हरवली होती ती फक्त माझ्या सुधारणेनंतरची तीन वर्षे.

मित्रहो, या प्रसंगावरून कोणी असा अर्थ काढू नये की, संगणक टाकून पुन्हा वह्यांकडे वळावे. वहीला वाळवी लागते, वही पुरात भिजते, आणि एक वही एका वेळी एकाच माणसाच्या हातात असते. मुद्दा असा की, वही आपल्या पेटीत होती आणि खाते दुसऱ्याच्या. ज्याला आज सर्वजण क्लाऊड म्हणतात, तो आकाशातील ढग नव्हे. तो कोणत्या तरी कंपनीच्या इमारतीत ठेवलेला संगणक असतो. आपण तारेने किंवा मोबाईलने तेथवर पोहोचतो, एवढेच. आपले दप्तर त्या घरात भाडेकरू म्हणून राहते, आणि फुकट राहणाऱ्या भाडेकरूला मालकाशी भांडता येत नाही.

हे मालक दुष्ट असतात असे मुळीच नाही. त्यांची यंत्रे आपल्यापेक्षा चांगली चालतात. परंतु त्यांचे निर्णय त्यांच्या हिशोबाने होतात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्सवर जगभरातील लहानलहान मंडळांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार होता, ती सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. गुगलने आपली जुनी विनामूल्य जी-सूट सेवा बंद करण्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले. पुढे घरगुती वापर करणाऱ्यांना सवलत मिळाली, परंतु कामकाजासाठी वापरणाऱ्यांना पैसे भरण्याचा मार्ग दाखविण्यात आला. पूर्वसूचना तिन्ही वेळी दिली होती. पण ती सूचना ज्या पत्त्यावर गेली, तो पत्ता आपल्यापैकी कोण उघडून पाहतो?

पुलगावच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. येथून आर्वीला जाणारी छोटी गाडी १९१७ साली सुरू झाली. रूळ एका खाजगी कंपनीच्या मालकीचे, गाडी चालविणारी सरकारी रेल्वे आणि बसणारे आपण. आर्वीचा कापूस त्या गाडीने आला, बाजारहाट करणारी माणसे आणि शाळा-कॉलेजची मुले त्या गाडीने गेली. ती बंद झाली तेव्हा डब्यात बसणाऱ्याच्या हाती काहीही नव्हते. आणि आपल्या चळवळीत तर हा धडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' सुरू केले, पुढे 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता' ही पत्रे काढली, परंतु केवळ पत्रांवर ते थांबले नाहीत. भारतभूषण हा छापखानाही उभा केला. लेखणी आपली असून पुरत नाही, यंत्रही हाताशी असावे लागते.

आता प्रश्न असा की, आपल्यासारख्या संस्थेला स्वतःचे यंत्र चालविता येईल काय? स्वतःचे यंत्र म्हणजे काही प्रचंड कारखाना नव्हे. संस्थेच्या कार्यालयातील एक साधा संगणक, अथवा महिना भाड्याने घेतलेली एखाद्या यंत्रातील आपली स्वतंत्र खोली. त्यावर आपली आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, आपण चालवावयाचे आणि सभासदांनी आपापल्या मोबाईलवरून ते वापरावयाचे. त्यासाठी लागणारी आज्ञावली आज विनामूल्य व खुली उपलब्ध आहे. खुली म्हणजे जिची आतील रचना कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते. कागदपत्रे व छायाचित्रे ठेवण्यासाठी नेक्स्टक्लाऊड आहे. वाचनालयासाठी कोहा आहे. हिशोब, सभासद व देणगीदार यांच्या नोंदीसाठी ईआरपीनेक्स्ट आहे.

यांपैकी दोघांचा जन्म सांगण्यासारखा आहे. कोहा जन्मली न्यूझीलंडमध्ये. होरोव्हेनुआ नावाच्या एका लहान भागातील वाचनालयांचा न्यास होता. सन २००० उजाडताच त्यांची जुनी संगणकप्रणाली तारखांच्या घोळात अडकणार, असे १९९९ मध्ये त्यांच्या लक्षात आले. नवी विकत घेणे परवडण्यासारखे नव्हते. त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून नवी तयार करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली आणि नंतर जगाला फुकट देऊन टाकली. कोहा या माओरी शब्दाचा अर्थच मुळी भेट असा आहे. आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांची ग्रंथालये त्या भेटीवर चालतात.

दुसरी आपल्या मुंबईची. रुषभ मेहता हे व्यवसायाने अभियंता. त्यांच्या घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी हिशोब, माल आणि मागणी एकत्र सांभाळणारी मोठी प्रणाली बसविण्याचा प्रयत्न झाला आणि तो फसला. महागड्या प्रणाली मोठ्या कारखान्यांच्या मापाने शिवलेल्या असतात, लहान धंद्याच्या अंगाला त्या बसत नाहीत. तेव्हा त्यांनी स्वतःच लिहावयास घेतले. सन २००८ मध्ये कंपनी स्थापन झाली, जी आज फ्रॅपे या नावाने ओळखली जाते, आणि ईआरपीनेक्स्ट ही त्यांची प्रणाली सर्वांना खुली करण्यात आली. मुंबईत लिहिलेली ही प्रणाली आज अनेक देशांतील लहान उद्योग व संस्था वापरतात.

मग आपण ती का वापरत नाही? पैसा हे कारण नाही, कारण ती फुकट आहे. कारण असे आहे की, आतापर्यंत ती बसविणे हेच एक दिव्य होते. साध्या भाषेत सांगतो. आधी यंत्रावर लिनक्स चढवा. त्यावर नोंदी ठेवणारे कोठार बसवा. मग दारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला योग्य खोलीत पाठविणारा द्वारपाल बसवा. इंटरनेटवरील नाव विकत घ्या. त्या नावाचे प्रमाणपत्र मिळवा, म्हणजे मोबाईल व यंत्र यांच्यामधील बोलणे वाटेत कोणी ऐकू शकणार नाही. यातील प्रत्येकाची आवृत्ती दुसऱ्याशी जुळली पाहिजे. एक जरी चुकले तर पडद्यावर इंग्रजीत अशा काही ओळी उमटतात की, चांगला पदवीधरही हात टेकतो. ईआरपीनेक्स्टच्या सुरुवातीच्या काळात अनेकांचा उत्साह याच पायरीवर संपला. माझाही एकदा संपला होता.

शेतकरी बंधूंना मी विहिरीवरील पंपाचा दाखला देईन. पूर्वी डिझेलचे इंजिन होते. हँडल मारणे सर्वांना जमत नसे, उलटा झटका बसून मनगटे मोडत. पुढे विजेची मोटार आली, स्टार्टरची पेटी आली. हिरवे बटण दाबले की पाणी, लाल दाबले की बंद. आतील शास्त्र सोपे झाले नाही, उलट अधिक अवघड झाले. पण ते पेटीच्या आत गेले आणि बटण बाहेर राहिले. बिघाड झाला तर गावातच वायरमन मिळतो. लहान संस्थांच्या संगणकप्रणालीला नेमकी हीच स्टार्टरची पेटी हवी आहे, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत ती तयार करण्याचे मोठे काम जगभर झाले आहे.

त्यातील ठळक टप्पे सांगतो. सन २०१३ मध्ये डॉकर नावाचे साधन आले. त्याने प्रत्येक प्रणालीला तिच्या लागणाऱ्या सर्व साहित्यासह एका बंद डब्यात भरण्याची सोय केली. जेवणाच्या डब्यात पोळी, भाजी, वरण, भात सर्व भरून दिले की, खाणाऱ्याला चूल मांडावी लागत नाही, तसेच हे. आवृत्त्या जुळविण्याची कटकट डबा भरणाऱ्याकडे गेली. प्रमाणपत्राची अडचण लेट्स एन्क्रिप्ट या बिगर-नफा उपक्रमाने दूर केली. डिसेंबर २०१५ पासून तो ही प्रमाणपत्रे सर्वांना विनामूल्य देत आहे. त्याने सुरुवातीपासून प्रमाणपत्राची मुदत केवळ ९० दिवसांची ठेवली आणि नूतनीकरण यंत्रानेच परस्पर करावे अशी व्यवस्था केली. जे काम माणूस विसरतो, ते माणसाकडे ठेवूच नये, हा त्यामागील विचार मला फार मोलाचा वाटतो.

सन २०१२ च्या सुमारास फ्रान्समधील स्वयंसेवकांनी युनोहोस्ट सुरू केले. त्यात एका पडद्यावर शेकडो प्रणालींची यादी दिसते आणि हवी ती निवडून बसविता येते. त्याआधी २०१० मध्ये न्यूयॉर्क येथे कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी एका भाषणात, प्रत्येक घरी एक लहानशी स्वतंत्र पेटी असावी, जिच्यात घरातील माहिती घरातच राहील, अशी कल्पना मांडली. त्यातून फ्रीडमबॉक्स निघाले, आणि आपल्या शेजारच्या तेलंगणातील कार्यकर्त्यांनी ते खेड्यांपर्यंत नेऊन पाहिले. नेक्स्टक्लाऊडचाही आता एकत्रित डबा मिळतो. त्यात नवी आवृत्ती चढविणे आणि दप्तराची दुसरी प्रत काढणे एकाच पडद्यावरून होते. फ्रॅपे कंपनीनेही एका आज्ञेत सर्व काही बसवून देणारी सोय केली आहे. शिवाय ती कंपनी भाड्यानेही जागा देते, आणि तेथील दप्तर उतरवून उद्या आपल्या स्वतःच्या यंत्रावर नेता येते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. भाड्याच्या घरात राहण्यात कमीपणा नाही. परंतु भांडीकुंडी घेऊन बिऱ्हाड हलविता आले पाहिजे. ज्या घरातून बिऱ्हाड हलविता येत नाही, तेथे मुक्काम करू नये.

हे सर्व ऐकून कोणास वाटेल की, आता काम सोपे झाले. बंधू-भगिनींनो, मी या क्षेत्रातील माणूस आहे, म्हणून सांगतो, तसे समजू नका. पहिला दिवस सोपा झाला आहे, दुसरा दिवस अजून अवघड आहे. बसविणे म्हणजे बारसे, पुढे मूल वाढवावे लागते.

वारणानगरचा अनुभव आपल्या राज्याचाच आहे. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ मध्ये सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभी राहिली. त्या काळी खेड्यात संगणक ही अपूर्वाई होती आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले, तेव्हा असे आढळले की, शेतकऱ्यांना त्या यंत्रातून प्रामुख्याने आपल्या उसाच्या वजनाचा व खात्याचा हिशोब हवा असे, आणि तेवढ्यासाठी यंत्रांची दुरुस्ती व देखभाल भारी पडत होती. सन २००६-०७ च्या सुमारास काही गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या लघुसंदेशावर करून पाहिले, आणि ते झाले. यातून कोणाचा कमीपणा सिद्ध होत नाही. पुढे जाणाऱ्यानेच चुकण्याचा मान मिळवलेला असतो. आपण एवढेच शिकावे की, गरज जेवढी असेल तेवढेच यंत्र घ्यावे आणि पाचव्या वर्षी त्याची निगा कोण राखणार, हे पहिल्याच वर्षी ठरवावे.

आपल्याकडच्या अडचणीही स्पष्ट बोलू. उन्हाळ्यात येथील पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. बंद खोलीतील यंत्राला तो सोसत नाही. वीज जाते, आणि ती अचानक गेली तर लिहिता लिहिता नोंद अर्धवट राहते. म्हणून यंत्राला बॅटरीचा आधार हवा. दुसरी अडचण पत्त्याची. पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देतात. एका वाड्यात चाळीस बिऱ्हाडे आणि दारावर एकच क्रमांक असावा, तसे. आतून पत्र बाहेर जाते, पण बाहेरून आलेले पत्र कोणत्या खोलीचे, हे दरवानाला कळत नाही. त्यामुळे कार्यालयातील यंत्र बाहेरगावच्या सभासदाला दिसतच नाही. यावर उपाय आहेत. एक तर कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मागून घ्यावा, किंवा बाहेर भाड्याने घेतलेल्या लहान यंत्रापर्यंत सुरक्षित बोगदा काढावा. पण ही गोष्ट आधी माहीत नसेल तर माणूस आठ दिवस डोके फोडून घेतो.

आणि एक इशारा. ईमेलचे यंत्र स्वतः चालविण्याच्या भानगडीत पडू नका. लहान यंत्रांकडून आलेली पत्रे मोठ्या कंपन्या संशयाने टाकाऊ पेटीत ढकलतात. तेवढे काम भाड्याने घ्यावे. तसेच, ज्याची निगा राखली जात नाही असे स्वतःचे यंत्र हे चांगल्या भाड्याच्या यंत्रापेक्षा धोक्याचे असते. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात मुलांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, आधार क्रमांक, बँकेचे खाते असते. त्यांनी विश्वासाने दिलेले ते कागद आहेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ मध्ये संमत झाला आहे. परंतु कायदा नसता तरी, गरीब आईबापांनी दिलेले कागद जपणे हे आपले कर्तव्यच होते.

तेव्हा प्रणाली करणाऱ्यांकडे, म्हणजे माझ्याच क्षेत्रातील मंडळींकडे, माझे मागणे असे आहे. पहिले, बसविण्याचे बटण द्या तसेच परत आणण्याचेही बटण द्या. यंत्र जळाले तर दुसऱ्या यंत्रावर सर्व दप्तर एका तासात उभे राहिले पाहिजे. दुसरे, पडद्यावरील मजकूर मराठीत द्या, आणि बिघाडाचा संदेश असा लिहा की, वाचणाऱ्याला पुढे काय करावे हे कळेल. तिसरे, नवी आवृत्ती चढविताना काही मोडले तर जुनी आपोआप परत यावी. चौथे, संपूर्ण दप्तर कोणत्याही दिवशी साध्या तक्त्यांच्या रूपात उतरवून घेता यावे, म्हणजे उद्या ती प्रणालीच राहिली नाही तरी नोंदी वाचता येतील. आणि पाचवे, हे सर्व तपासताना अभियंत्याला बसवू नका. सत्तरीच्या खजिनदारांना बसवा. त्यांना जमले म्हणजेच ते सोपे.

आता आपल्याकडून काय व्हावे ते सांगतो, कारण मागण्या करून मोकळे होणे मला पसंत नाही.

आपली संस्था नोंदणीकृत आहे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु पदाधिकारी बदलल्यावर पासवर्ड कोणी कोणाला दिला, याचा ठराव आपण कधी केला आहे काय? माझी विनंती अशी की, पुढील सभेत असा ठराव करावा. संस्थेचे प्रत्येक खाते संस्थेच्या नावे असावे, कोणाच्याही घरच्या मोबाईलवर नसावे. त्यासाठी संस्थेचे स्वतंत्र सिमकार्ड घ्यावे व ते चालू ठेवावे. पासवर्ड कागदावर लिहून मोहोरबंद लिफाफ्यात संस्थेच्या कपाटात ठेवावेत. प्रत्येक गोष्ट किमान दोघांना चालविता यावी, आणि त्या दोघांपैकी एक शक्यतो भगिनी असावी, कारण आपल्याकडील मुलगे नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे जातात आणि मग सारे पुन्हा मुळावर येते. मुलीही जातील, आणि जाव्यातही; म्हणून दरवर्षी दोन नवे विद्यार्थी तयार करावेत.

दुसरी गोष्ट, दप्तराच्या तीन प्रती असाव्यात. एक यंत्रावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक या गावाच्या बाहेर. आणि प्रत काढली एवढ्यावर समाधान मानू नये. दरवर्षी हिशोब तपासणीच्या दिवशी लेखापरीक्षकांसमोर ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती प्रत नव्हे, ती आशा आहे.

तिसरी गोष्ट, सर्व कामे एकदम सुरू करू नयेत. वाचनालयापासून आरंभ करावा. तेथे चूक झाली तर फार तर एक पुस्तक सापडणार नाही, कोणाची फी अडणार नाही. वर्षभर ते नीट चालले तर सभासदांची यादी आणावी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज सर्वांत शेवटी. तोवर वह्याही लिहीत राहाव्यात. यात लाज वाटण्याचे कारण नाही.

चौथी आणि शेवटची गोष्ट. एकट्या संस्थेने हा भार उचलू नये. पुलगाव, देवळी, आर्वी, वर्धा, हिंगणघाट या भागांत आपल्यासारखी किती तरी मंडळे आहेत. विहारांची आहेत, महिलांची आहेत, वाचनालये आहेत. चार-पाच संस्थांनी मिळून एक यंत्र घ्यावे, प्रत्येकीची खोली वेगळी, किल्ली वेगळी, आणि निगा राखणारा माणूस मात्र सर्वांचा मिळून एक. त्याला मानधन द्यावे. फुकटच्या सेवेवर संस्था चालत नाही, हे आपण कंपन्यांच्या बाबतीत पाहिलेच. स्वतःच्या कार्यकर्त्याच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे. गावात पंपाचा वायरमन असतो तसा तालुक्यात आपल्या दप्तराचा वायरमन असावा. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम शिकले तर त्याला नोकरीसाठी गाव सोडावेच लागेल असे नाही. म्हणजे सचिवांनी मला सांगितलेला विषयही यात आला.

ज्या मुलीचा हप्ता आमच्यामुळे लांबला, ती पुढे शिकली. ते तिच्या आणि तिच्या वडिलांच्या जिद्दीने, आमच्या व्यवस्थेने नव्हे. ती नंतर एकदा भेटली तेव्हा तिने मला विचारले, "काकाजी, माझा अर्ज सापडला का हो शेवटी?" नाही, तो सापडला नाही. यापुढे कोणत्याही मुलीने हा प्रश्न विचारू नये एवढ्याचसाठी आज मी आपला इतका वेळ घेतला.

पुढील महिन्यात मी पुन्हा दोन दिवस येत आहे. वाचनालयाची पुस्तके यादीत चढविण्याचे काम आपण मिळून सुरू करू. ज्येष्ठ खजिनदारांनी पहिल्या रांगेत बसावे, ही माझी विशेष विनंती. त्यांना जेथे अडेल, ती जागा मी लिहून घेईन आणि ज्यांनी ती प्रणाली केली त्यांना कळवीन.

 

जयभीम! नमो बुद्धाय!